ब्रोकोलिनीचे दांडे

भिमाबाईचे गुडघे फरशीवर दुखायचे आणि मातीत दुखायचे नाहीत. असं का, ते डॉक्टरला विचारण्यात अर्थ नव्हता. डॉक्टर म्हणणार, फरशी बंद करा. फरशी बंद केली की चूल बंद. तेव्हा रोज सकाळी नाशिकच्या द्वारका चौकातून बस धरायची, गंगापूर रोडला उतरायचं, आतल्या कॉलनीत तीन बंगल्यांची भांडी-फरशी करायची आणि दुपारी तेच दोन गुडघे बसमध्ये घालून घरी न्यायचे, हे अकरा वर्षं चाललं होतं.

तिन्हींतला पहिला बंगला नानांचा आणि शैलाताईंचा. नानांचं घराणं पंचवटीतलं, यात्रेकरूंचे विधी करणारं; नानांनी स्वतः मात्र जन्मभर सरकारी ऑफिसात खुर्ची गरम केली. शैलाताई कॉलेजात लायब्ररियन होत्या. दोघंही आता रिटायर. मुलगा श्रेयस आणि सून मृण्मयी बेंगळुरूला. एवढा मोठा बंगला, आत दोन म्हातारी माणसं आणि मागे दहा बाय सहाचा परस.

त्या परसात बंगला बांधला तेव्हाचा राडारोडा पुरलेला होता. फुटक्या फरशा, दगड झालेली सिमेंटची पोती, तारा. चार वर्षांपूर्वी भिमाबाईने आपणहून विचारलं, "ताई, हे साफ करू का? भाजी व्हईल."

"कर की," शैलाताई म्हणाल्या. "पण कामाच्या वेळात नको."

म्हणजे लवकर येऊन कर. ती तासभर लवकर यायला लागली. महिनाभर नुसतं उकरलं. मग शेणखत, मग मेथी, मग वांगी, दुधी, कोथिंबीर. भिमाबाई मूळची नामपूरकडची. लग्नाआधी बापासोबत आणि लग्नानंतर नवऱ्यासोबत लोकांच्या रानात कांद्याची रोपं लावत वाकली होती. नवरा गेला, ती मुलाला घेऊन शहरात आली, आणि तीस वर्षं हाताला माती लागली नाही. आता रोज एक तास लागत होती. त्या तासात तिला कुणी हाक मारत नसे. 'भिमाबाई, हे राहिलं' नाही, 'भिमाबाई, ते पुस' नाही. बस, एवढंच तिचं सुख होतं आणि ते तिने घरीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं.

पण शैलाताईंना ते कळलं होतं. त्या काही दुष्ट नव्हत्या. पण समोरच्याचा जीव कशात अडकलाय हे एकदा कळलं की ती दोरी अधूनमधून ओढून बघावीशी वाटते, आणि त्या ओढायच्या. कपाचा कान उडाला, एखादा खाडा झाला, की म्हणायच्या, "झेपत नसेल तर बाग गोरक्षला देते हं. शेजारच्यांचं लॉन तोच बघतो."

"चुकलं ताई," भिमाबाई लगेच म्हणायची. कप आधीच तडकलेला असो, खाडा तापाचा असो, म्हणायला काय जातंय.

दसऱ्याला मृण्मयी आली ती बियांचं पाकीट घेऊन. पाकिटावर हिरव्या काड्यांच्या जुडीचं चित्र.

"ही ब्रोकोलिनी, भिमामावशी. ब्रोकोलीची धाकटी बहीण समजा."

"नाव ऐकून वाटतं, पाहुणी इटलीहून आली," नाना पेपरमागून म्हणाले.

"मावशी, एकच लक्षात ठेवा. मधोमध तुरा येईल ना, तो मोठा होऊ द्यायचा नाही. लहान असतानाच कापायचा. मग बाजूने फुटवे येत राहतात."

"म्हंजे झेंडूचा शेंडा खुडतो तसं," भिमाबाई म्हणाली.

"करेक्ट!" मृण्मयी म्हणाली, आणि दोन दिवसांनी विमानात बसून गेली. लावायचं कसं ते तिने सांगितलं. खायचं काय ते सांगायचं राहिलं. ज्याला एखादी गोष्ट बारा महिने मिळते, त्याच्या हे ध्यानातच येत नाही की ती काय आहे हे दुसऱ्याला सांगावं लागतं.

भिमाबाईने अंड्यांच्या पुठ्ठ्यात बी टाकलं. दिवाळीनंतर हातभर अंतरावर रोपं लावली. थंडी पडली, सगळं नाशिक कानटोप्या घालून फिरायला लागलं आणि वाफा मात्र खुशीत आला. निळसर पानं, वर मेणासारखी साय. मधला तुरा लिंबाएवढा झाला तसा तिने तो तिरका कापला. शैलाताई मागच्या दारातून ओरडल्या. "अगं, गड्डा धरायच्या आधीच मारलंस झाडाला!" आठ दिवसांत प्रत्येक पानाच्या बेचक्यातून कोंब निघाले, तेव्हा त्या गप्प झाल्या. मधे माव्याची कीड पडली. भिमाबाईने कॉलनीतल्या इस्त्रीवाल्याकडून राख मागून आणली, पहाटेचं दव असताना पानापानावर धुरळली, उरलेला मावा बोटांनी चिरडला. हाताला दोन दिवस हिरवा वास येत होता. मग आल्या वीतभर लांब, बारीक काड्या, वर घट्ट हिरव्या कळ्यांचा एवढासा तुरा. पाकिटावरच्या चित्रासारख्या.

पहिली काढणी झाली. भिमाबाईने जुडी बांधून मागच्या दाराशी आणली.

इथे त्या घरची रीत सांगितली पाहिजे. भाजी लावायची भिमाबाईने. पाणी घालायचं तिने, तोडायची तिने, मागच्या पायरीवर बसून विळीवर निवडायची, चिरायचीही तिने. चिरलेली भाजी धुऊन शैलाताई आत न्यायच्या, आणि फोडणी त्या स्वतः द्यायच्या. अकरा वर्षांत भिमाबाईचा हात ओट्याच्या सिंकपर्यंत गेला, गॅसपर्यंत गेला नाही. कुणी तोंडाने नाही म्हटलेलं नव्हतं. तोंडाने म्हणायची वेळच येत नाही अशी व्यवस्था असते. व्हॉट्सॲपला बाबासाहेबांच्या जयंतीचा स्टेटस ठेवणारी शिकलेली माणसं ही. लावलेलं चालतं, चिरलेलं चालतं, शिजवलेलं चालत नाही.

"हे वरचे तुरे तेवढे ठेव," शैलाताई जुडी बघून म्हणाल्या. "दांडे काढून टाक. फ्लॉवरचे दांडे आपण कुठे खातो?"

भिमाबाईने तुरे कापले. वाटीभर निघाले. दांड्यांचा ढीग झाला.

"हे काय करू ताई?"

"टाक. नाहीतर ने, पाहिजे तर."

'पाहिजे तर.' या दोन शब्दांवर शहरातल्या निम्म्या बायांच्या घरचं ताट भरतं. कालची पोळी पाहिजे तर, विटायला आलेली साडी पाहिजे तर. भिमाबाईने दांडे पिशवीत घातले. गरज होती म्हणूनही आणि फेकायचा हात होत नव्हता म्हणूनही. त्या काडीकाडीला तिने राख लावली होती.

बसमध्ये बसल्या बसल्या तिने एक दांडा मोडून चावला. कट्कन् मोडला. कोवळ्या मक्याच्या धाटासारखा गोड. ती थांबली. पुन्हा एक चावला.

घरी सून स्नेहा भाकऱ्या थापत होती. भिमाबाईने तवा मागितला. जाड दांडे उभे दोन फाका केले, बारीक तसेच ठेवले. तेल कडक तापू दिलं. लसूण सालीसकट ठेचला, हिरवी मिरची मोडून टाकली, दांडे टाकले, मीठ. वरून पाण्याचा एक हबका. झाकण नाही. रंग गडद हिरवा झाला, कडा थोड्या करपल्या, तसं शेंगदाण्याचं जाडंभरडं कूट घातलं आणि खाली उतरवलं.

स्नेहाने एक काडी उचलून तोंडात टाकली आणि डोळे मोठे केले. "आई, हे काय हाय?"

"काय की. ताईंच्यात टाकून देतात."

"डोकं फिरलंय का त्यांचं?"

राकेश अंबड एमआयडीसीतल्या कंपनीतून आला. तो ठेकेदाराकडे कामाला, आल्यावर तासभर कुणाशी बोलत नाही. आज त्याने भाकरीच्या तुकड्याने तवा पुसून खाल्ला. नात संजना म्हणाली, "आजी, उद्या पण काड्या."

दुसऱ्या आठवड्यात भिमाबाईने ठरवलं की ताईंना सांगायचं. शैलाताई तुरे कुकरमध्ये दोन शिट्ट्या देऊन शिजवत होत्या, वर चीज किसत होत्या. घरभर कोबी कुजल्यासारखा वास. नाना म्हणत, "औषध म्हणून खातो मी हे." ती सांगायला गेली तर शैलाताई वाटीचा फोटो काढत होत्या, मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकायला. 'माझ्या परसातली ब्रोकोलिनी.' त्यांनी हाताने 'थांब' केलं. भिमाबाई थांबली. थांबता थांबता तिला वाटलं, काय नडलंय?

तिसऱ्या आठवड्यात तिने ठरवलं, सांगायचं नाही. चौथ्या आठवड्यात ती तुरा अगदी वरून कापायला लागली, म्हणजे दांडा दोन बोटं जास्त यावा. हे तिने जाणूनबुजून केलं. उगाच तिला देवी करायची गरज नाही.

सव्वीस जानेवारीला जोडून सुट्ट्या आल्या. शुक्रवारी संध्याकाळी मृण्मयी आली. श्रेयसला रजा नव्हती. शनिवारी सकाळी भिमाबाई परसात शिरली तर शैलाताई आधीच तिथे उभ्या. अंगावर शाल, पायात घरातल्या सपाता. चार वर्षांत त्या या वेळी परसात कधी आल्या नव्हत्या.

"इकडे ये. हळू बोल, मृण्मयी झोपलीये." त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. "काल तिने फ्रिज उघडला. म्हणाली, आई, नुसते तुरे? दांडे कुठेत? म्हटलं, टाकले. तर म्हणते, ब्रोकोलिनीत दांडाच तर खायचा असतो. जगात सगळीकडे. नाना ऐकत होते. हसून हसून ठसका लागला त्यांना."

भिमाबाईने झारी खाली ठेवली.

"महिनाभर मी ग्रुपवर फोटो टाकतेय. रेसिपी लिहिल्यात मी, भिमाबाई. शिट्ट्यांसकट." त्यांनी शाल घट्ट ओढली. एकदम म्हाताऱ्या दिसल्या. भिमाबाईला त्यांची दया आली, खरंच आली. मग त्यांनी विचारलं, "तू काय करायचीस दांड्यांचं?"

भिमाबाईने तोंड उघडलं. शैलाताईंनी हात वर केला.

"गाईला घालत असशील. हो ना? मृण्मयी विचारणारच. तेवढं सांग, गाईला घातले. विषय संपला. नाहीतर ती म्हणेल, बाईला कळलं आणि..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. मग कोपऱ्यातल्या अशोकाच्या झाडाकडे बोट केलं. "ते झाड काढायचंच आहे. पुढच्या सीझनला तो कोपरा पण तुला घे. वाफा दुप्पट होईल."

दुप्पट. भिमाबाईच्या डोळ्यांसमोर कोपरा आला. तिथे दुपारपर्यंत ऊन असतं. तिथे टोमॅटो झाला असता.

"बरं ताई," ती म्हणाली.

नऊच्या सुमाराला सगळे डायनिंग टेबलाशी पोहे खात होते. भिमाबाई शेजारच्या खोलीची फरशी पुसून दारात आली होती. मृण्मयी चांगली मुलगी, आल्यापासून दोनदा 'मावशी, गुडघे कसे आहेत' विचारून झालं होतं.

"मावशी, काय सुंदर आलीये हो! बेंगळुरूला तीन दुकानं हिंडते तेव्हा एक जुडी मिळते, ती पण कोमेजलेली. आणि दांडे कुठे गेले सगळे?"

शैलाताईंनी पोह्यांत लिंबू पिळलं. पिळून झालेलं लिंबू पुन्हा पिळलं.

"गाईला घातले वहिनी," भिमाबाई म्हणाली. सोपं होतं. अकरा वर्षांत याहून अवघड गोष्टी म्हणून झाल्या होत्या.

"अरे देवा!" मृण्मयी हसत सुटली.

"तरीच!" नानांनी चमचा वर धरला. "चौकातली ती तांबडी गाय. मी म्हटलं हल्ली एवढी तुकतुकीत कशी दिसते! इटालियन डाएट चालू आहे होय!"

"नाना, बास ना, पोहे नाकात जातील माझ्या."

शैलाताई सगळ्यांत मोठ्याने हसल्या. रात्रभर छातीवर बसलेला दगड उतरला होता ना. डोळे पुसत म्हणाल्या, "पण काय उपयोग! जनावराला काय कळतेय त्याची चव? पुढ्यात टाकलं की खातंय ते!"

भिमाबाईच्या हातातलं फडकं ठिबकत होतं.

तिने ठरवून काही केलं नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं. ती थकली होती. खोटं एकदा बोलायला अंगात जोर लागतो. आणि ते बोलून झाल्यावर त्यावरचं हसणं ऐकत उभं राहायला त्याच्या दुप्पट लागतो. तेवढा शिल्लक नव्हता. तिला दिसत होता तो तवा, आणि तो पुसून खाणारा राकेश.

"गाईला नाय घातले," ती म्हणाली.

"हं?"

"आम्ही खाल्ले वहिनी. माझ्या पोराने, सुनेनं, नातीनं. महिनाभर. लय चांगले लागतात. चव कळते आम्हाला."

नानांचा चमचा बशीवर वाजला. शैलाताई तिच्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही, आधी नुसत्या अविश्वासाने, नळ उघडल्यावर वाळू यावी तसं.

मृण्मयीला काहीतरी करून ती शांतता मोडायची होती. "वॉव! मग मावशी, केले कसे तुम्ही? मला शिकवा. आत्ता. या ना आत."

ती उठून गॅसजवळ गेली सुद्धा. सकाळी तोडलेली जुडी अजून मागच्या पायरीवर होती, तिचे दांडे तिने स्वतः कापून आणले, धुतले. भिमाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली.

"अगं, ती सांगेल तिथून," शैलाताई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "तू कर."

मृण्मयीने मागे वळून सासूकडे बघितलं. मग उंबऱ्यावरच्या भिमाबाईकडे बघितलं. शिकलेली पोरगी, तिला एका क्षणात सगळं कळलं. कळलं, आणि ती गॅसकडे वळली. "सांगा मावशी," ती म्हणाली.

"तेल तापू द्या. अजून. धूर आला पायजे. लसूण कापू नका, ठेचा."

"गार्लिक प्रेस आहे का, आई?"

"वाटीने ठेचा वहिनी. हां. आता मिरची, आता दांडे. हलवा. पाण्याचा हबका मारा."

"हबका म्हणजे किती? पाव कप?"

"हबका म्हंजे हबका. हात बुडवा न् झटका."

मृण्मयीने झटकलं. तेल तडतडलं, ती दोन पावलं मागे आली. "आता वरून पार्मेजान चीज घालू?"

"ते काय ते मला ठावं नाय. दाण्याचं कूट घाला. बारीक नको, दाताखाली आलं पायजे. बंद करा, बंद करा, मऊ पडल!"

नानांनी एक काडी खाल्ली, मग बशी पुढे ओढली. "अगं, हे तर जेवण आहे! मग महिनाभर मी काय खात होतो?" ते खरंच विचारत होते. शैलाताईंनी बशीला हात लावला नाही. मृण्मयीने मागच्या दाराजवळच्या फळीवरची भिमाबाईची वेगळी स्टीलची ताटली काढली, त्यात चार काड्या घातल्या.

"घ्या ना मावशी. तुमचीच रेसिपी."

"नको. पोट भरलंय," भिमाबाई म्हणाली आणि मोरीकडे गेली.

दहा मिनिटांनी शैलाताई तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून."

"आणि गप्प बसलीस."

"हो ताई."

"बरं, बसलीस ते बसलीस. सकाळी मी काय सांगितलं होतं? गाय म्हणायचं."

"म्हटलं की मी."

"मग?"

"मग तुम्ही हसलात."

"अगं, गाईला हसलो आम्ही! तुला कोण हसलं?"

भिमाबाईने तवा धुऊन पालथा घातला. "गाय नव्हतीच ना ताई."

शैलाताई थांबल्या. त्या कशासाठी थांबल्यात ते भिमाबाईला नीट माहीत होतं. दोन शब्दांसाठी. ते म्हटले की शैलाताई दोन दिवस घुम्या राहतील, तिसऱ्या दिवशी चहा देतील, आणि वाफा राहील. अशोकाचा कोपरा नाही मिळणार, पण वाफा राहील. सकाळचा तास राहील. तिने ते दोन शब्द घशात शोधलेसुद्धा. अकरा वर्षं ते तिथेच असायचे, हाक न मारता यायचे. आज आले नाहीत. नळ वाहत राहिला.

"मंगळवारपासून गोरक्ष येईल बागेला," शैलाताई शेवटी म्हणाल्या. "तू भांडी-फरशी बघ. तुझे गुडघे पण दुखतात."

"बरं ताई," भिमाबाई म्हणाली आणि नळ बंद केला.

घरी स्नेहाने सगळं ऐकून कपाळाला हात लावला.

"चुकलं म्हणायचं ना, आई! काय जातंय? मी कंपनीच्या कॅन्टीनला होते तेव्हा दिवसातनं वीस वेळा म्हणायचे. चपाती जाड, चुकलं. चपाती पातळ, चुकलं."

"मग तू जाऊन म्हण."

"म्हणते की. मला काय लाज नाय."

"लाजेचं नाय गं."

"मग कशाचं?"

भिमाबाई भिंतीला टेकली. तिने पाय लांब केले, गुडघ्यांवर तेल घातलं. स्नेहा थोडा वेळ बडबडली, मग तेलाची वाटी तिच्या हातातून घेऊन स्वतः चोळायला बसली. "गाय म्हणे," ती मधेच पुटपुटली. जोरात चोळलं. "गाय!"

रविवारी आणि सोमवारी भिमाबाई तासभर उशिरा आली, म्हणजे वेळेवर आली. परसात गेली नाही. काम सोडायचा विचार मनात आला नाही असं नाही. आला, तिच्यासोबत बसमध्ये बसला, आणि द्वारका यायच्या आत उतरून गेला. पंचावन्नच्या पुढच्या बाईला नवीन घर कुणी देत नाही, जिना चढता येईल का विचारतात. सोमवारी दुपारी मृण्मयी गेली. जाताना तिने भिमाबाईचे दोन्ही हात हातात धरले आणि "सॉरी हं मावशी" म्हणाली. कशाबद्दल ते बोलली नाही.

मंगळवारी गोरक्ष आला. चाळिशीचा, मिशा पिळलेला, कमरेला कात्री. लॉनचा माणूस. परसात उभा राहून वाफ्याकडे बघत राहिला. मग मोरीच्या खिडकीतून हाक मारली.

"ओ मावशी! हे काय लावलंय? फ्लॉवर म्हणावं तर गड्डा नाय. मोहरी म्हणावी तर पान वेगळं."

भिमाबाईने भांड्यांतून मान वर केली नाही. "ब्रोकोलिनी."

"काय लिनी?"

आता हात धुऊन बाहेर जायचं नाही, असं तिने घरून ठरवून आणलं होतं. दोन दिवसांत काढणी झाली नाही तर कळ्या फुटून पिवळ्या होणार. होऊ देत. गोरक्षला शिव्या बसतील. बसू देत. तिने एक पातेलं घासलं. दुसरं घेतलं. खिडकीतून तिला दिसलं की तो बुंध्याजवळ कात्री नेतोय, अगदी मातीजवळ, लॉन कापल्यासारखी.

"अहो, थांबा!"

ती बाहेर आली. हाताला साबण तसाच.

"तिथनं नाय. इथनं. दोन पानं ठेवायची न् वर तिरकं कापायचं. सरळ कापलं तर पाणी साचून कुजतंय. आणि मधल्या बेचक्यातलं लहान कोंब सोडायचं, ते आठ दिसांनी येतंय. पाणी सकाळी. पानावर नाय, बुडाशी. मावा दिसला की राख, इस्त्रीवाला देतो मागितली तर. औषध मारू नका, आत नाना खातात."

गोरक्ष ऐकत होता. हुशार होता, एकदा दाखवल्यावर दुसरा कोंब त्याने बरोबर कापला. भिमाबाई उकिडवी बसली होती ती उठताना हात टेकून उठली. चार वर्षांचं सगळं चार मिनिटांत सांगून झालं होतं. तिचा तिलाच राग आला. झाडाचा पुळका येऊन तोंड उघडलं, आता हा बाग नीट सांभाळणार, आणि बाई कुणाला लागणार?

"मावशी, जुडी मस्तच होईल," गोरक्ष म्हणाला. "पण यात खायचं काय असतं? वरचं का खालचं?"

भिमाबाईने पदराला हात पुसले.

"ते ताईंना विचारा," ती म्हणाली. "त्यांना म्हाईत झालंय आता."

आतून शैलाताईंनी हाक मारली. कुकरला खाली भात लागला होता, कुकर भिजत घालायचा राहिला होता. भिमाबाई आत गेली, तारेची घासणी घेतली आणि घासायला बसली.